जाऊबाईचे पाच मिलिग्रॅम

माझी जाऊ गुनवोर हिच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचे म्हटले तर मला आधी कडक कॉफी लागते. सेहेचाळीस वर्षं आम्ही शेजारी राहतो. तिचा नवरा शेल आणि माझा हॉल्वर हे सख्खे भाऊ. सासऱ्यांनी जमीन वाटून दिली तेव्हा दोन घरांत साठ पावलांचं अंतर ठेवलं. मी एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं आहे, त्यामुळे पावलांच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये.

गुनवोर वरच्या दरीतून इथे समुद्रकाठी लग्न होऊन आली ती कमरेपर्यंत केस घेऊन. थोरली सून मी. पण सासूबाईंनी मला दिला विणलेला पलंगपोस आणि तिला दिला चांदीचा ब्रोच, जो त्यांना त्यांच्या सासूने दिला होता. मी काही बोलले नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत. गिळायच्या, आणि मग त्या जन्मभर पोटात दुखतात. त्यात ती स्वभावाने गोड. वाईट असती तर मी सुखाने भांडले असते.

तिने उभा जन्म बेकरीत काउंटरमागे काढला. घरापासून बेकरी चारशे पावलं, तीसुद्धा बाई गाडीने जायची. शेल वारला त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर ती खिडकीत विणकाम घेऊन बसायची आणि मी टेकडीकडे निघाले की हात हलवायची. टेकडी माझी होती. ब्रोच तिला, केस तिला, सासूची माया तिला, पण वार्डेन नावाची टेकडी मला. असा हिशेब मी मनाशी मांडला होता आणि तो मला पटला होता.

टेकडीच्या माथ्यावर दगडांचा रचलेला ढीग आहे, त्याला टेकून एक पत्र्याची पेटी, आणि पेटीत वही. वर गेलं की वहीत नाव आणि तारीख लिहायची. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत पंचवीस वेळा नाव आलं की क्रीडामंडळ एक कप देतं, त्या वर्षाचं चित्र काढलेला. कप साधाच, पण कुणाच्या घरी किती आहेत हे गावात सगळ्यांना पाठ असतं. माझ्याकडे तेवीस, एकही वर्ष न चुकता. मी ते कधी कुणाला दाखवत नाही. कोणी आलं की कॉफी फक्त त्यांतून देते.

मग जानेवारीत एका सकाळी मला उठताच येईना. खांदे जणू दुसऱ्याचे, मांड्या लाकडाच्या. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. आमची डॉक्टर सिल्ये माझ्या मुलीच्या वयाची आहे, तिने बोटातून रक्त घेतलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "पॉलिमायल्जिया. अंगात दाह आहे, ओस्ने. आपल्या किनाऱ्यावर सत्तरीच्या बायकांना हे फार होतं."

तिने स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, दिवसाला पंधरा मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी शिडी लावून खिडक्या पुसत होते. हॉल्वर खाली शिडी धरून उभा होता आणि म्हणत होता, "मलाही एक दे त्यातली."

"चढवायला सोपं आहे," सिल्येने आधीच बजावलं होतं. "उतरवताना वेळ लागतो. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. त्याला हळूहळू आठवण करून द्यायची. दहापर्यंत लवकर येऊ, पुढे महिन्याला एक. घाई केलीस तर आडवी होशील."

मार्चमध्ये गुनवोरला तेच झालं. तीच सिल्ये, तोच आकडा, त्याच पंधराच्या गोळ्या. म्हणजे माझं दुखणंसुद्धा तिने घेतलं. लोक आम्हाला रस्त्यात गाठून म्हणायचे, "दोघींना एकदमच? बरं झालं, एकमेकींना सोबत." मी मान डोलवायची. माझा चेहरा गोळ्यांनी फुगून पावासारखा झाला होता. तिचा नाही झाला. तिला फक्त गालावर लाली आली, आणि दाग्नी म्हणाली की गुनवोर दहा वर्षांनी लहान दिसते. दाग्नी ही गावातली कायमची वार्ताहर. प्रार्थनाघरात गुरुवारी आमची कॉफी असते, तिथे मधल्या खुर्चीत ती बसते.

मी दहावर आले तोवर ठीक होतं. नऊवर आले आणि थकवा आला. याला थकवा म्हणायचं हे सिल्येने सांगितलं म्हणून. मी तीस किलोंचं टपाल घेऊन बर्फातून चाललेली बाई, मला थकवा माहीत होता. तो झोपलं की जातो. हा जात नव्हता. मी सकाळी झोपेतून उठायची तीच दमून. बटाटे सोलायला घ्यायचे आणि तिसऱ्या बटाट्याला सुरी खाली ठेवायची. न्हाणीघरात हॉल्वरने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, बागेतली. तिच्यावर बसून मी अंगावर पाणी घ्यायची आणि टॉवेल गुंडाळून तशीच पंधरा मिनिटं बसून राहायची, कारण अंग पुसायचं म्हणजे पुन्हा हात उचलायचे.

सिल्ये म्हणाली, दिवसाला एकच मोठं काम. कपडे धुतलेस तर स्वयंपाक नाही. पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी काहीच नाही. जेवणानंतर आडवं पडायचं, घड्याळ लावून, तासभर, आणि त्याची लाज बाळगायची नाही. मी सगळं केलं. फक्त ते लाज न बाळगण्याचं मला जमलं नाही. दुपारी एक वाजता पडदे ओढलेले आमच्या घराचे कुणी कधी बघितले नव्हते. मे-जूनमध्ये मिळून मी टेकडी सहा वेळा चढले, प्रत्येक वेळी त्यानंतर दोन दिवस अंथरुणात. आठवर आल्यावर सिल्येने माझं रक्त बघितलं आणि म्हणाली, "इथेच थांबू या. दोन महिने आठच."

आणि गुनवोर चढायला लागली.

आधी मला वाटलं, दुकानात चालली असेल. पण ती दोन काठ्या घेऊन, कुणाचं तरी जुनं निळं जाकीट घालून, सकाळी नऊला आमच्या खिडकीवरून जायची आणि अकराला परत यायची. जाताना हात हलवायची. चार वर्षं मी जात होते आणि ती खिडकीत होती. आता ती जात होती आणि मी खिडकीत, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुलैमध्ये मी कशीबशी वर गेले तेव्हा वही चाळली. गुनवोर, गुनवोर, गुनवोर. बेकरीच्या बिलावर लिहावं तसं गोल गोल अक्षर. चौदा वेळा. माझी ती आठवी.

त्या गुरुवारी प्रार्थनाघरात वॅफल्स होते. दाग्नीने माझ्या बशीत दुसरा वॅफल ठेवला, मी आजारी म्हणून, आणि विचारलं, "कितीवर आलीस, ओस्ने?"

"आठ," मी म्हणाले.

"अजून आठच? आणि तू गं, गुनवोर?"

आमच्या भागात स्वतःची फुशारकी कुणी मारत नाही. पोरगं पहिलं आलं तरी आम्ही म्हणतो, पेपर सोपा होता. पण या गोळ्यांचं असं आहे की आकडा जितका खाली तितकी बाई दणकट, आणि खालचा आकडा सांगणं म्हणजे फुशारकी नव्हेच, उलट नम्रपणा. त्यामुळे सगळ्या बिनधास्त सांगतात. गुनवोरने वॅफलवरचं तपकिरी चीज चाकूने सरळ केलं आणि हळूच म्हणाली, "पाच."

"पाच," दाग्नीने सगळ्या टेबलाला ऐकवलं. "आणि वर टेकडी. नाही तर काही जणींना..." मग तिने माझ्याकडे बघितलं.

माझ्यानंतर दोन महिन्यांनी आजारी पडलेली बाई माझ्याआधी पाचवर. मी त्या रात्री हॉल्वरला म्हणाले, "हिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

"ती तुझ्यापेक्षा कमी बडबडते," हॉल्वर म्हणाला आणि दिवा मालवला.

मग मी तो मूर्खपणा केला. सिल्येला न विचारता, हॉल्वरला न सांगता, आठचे सहा केले. चार दिवस अंग दुखलं, दुखू दे म्हटलं. मग सहाचे चार. गुनवोर पाच, मी चार. पुढच्या गुरुवारी दाग्नीने विचारलं की मी कॉफी ढवळत, सहज, "चार" म्हणणार होते. त्या वाक्याची मी आरशासमोर तयारी केली होती, हे आता सांगायला हरकत नाही. पण गुरुवार उजाडायच्या आत मला वहीतले आकडेही गाठायचे होते. ऑगस्टचा मधला मंगळवार होता. हॉल्वर बोटीवर गेला होता. मी बूट चढवले आणि निघाले.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर घाम सुटला, थंड. मळमळायला लागलं. पाइनच्या मुळांचा जो जिना आहे तिथे पाय माझे राहिलेच नाहीत. मी मुळावर बसले, मग आडवी झाले, मग कडेला ओकले. वर जाता येईना, खाली जाता येईना, फोन घरी चार्जिंगला. मुंग्या माझ्या बाहीवरून चालल्या होत्या आणि मला त्या झटकता येत नव्हत्या. मला वाटलं, संपलं. त्याहून वाईट म्हणजे वरून काठ्यांचा आवाज आला आणि मी मनात म्हणाले, देवा, कुणीही असू दे, पण ती नको.

तीच होती.

"ओस्ने," ती म्हणाली आणि गुडघ्यावर बसली. बसताना तिच्या तोंडातून कण्हणं बाहेर पडलं, तेही मी ऐकलं. "आज किती घेतलीस?"

"चार."

"चार? आठ होती ना तुझी?"

"तू पाचवर आहेस."

गुनवोरचा चेहरा पांढरा पडला. तिने जाकिटाच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली, तिच्या थर्मासमधलं पाणी मला पाजलं आणि गोळ्या माझ्या तोंडात घातल्या, एकामागून एक. मग सिल्येला फोन लावला. काय झालं, किती घेतलं होतं, आता किती दिलं, सगळं सांगितलं. फोन ठेवून ती माझ्याशेजारी मुळावर बसली.

"मी पाचवर नाहीये," ती म्हणाली. "मी दहावर आहे. टेकडी चढायच्या दिवशी बारा. सिल्येला माहीत नाही."

मला अंगात त्राण असतं तर मी तिला ढकललं असतं. "खोटं बोललीस? सगळ्यांसमोर?"

"तू आठ म्हणालीस. मी काय सांगणार होते, दहा? दाग्नीसमोर?" ती काठीने माती उकरत राहिली. "तू नेहमी पुढे असतेस, ओस्ने. एकदा मला वाटलं, आपणही असावं. तू खरं धरशील असं वाटलं नव्हतं."

खालून माणसं आली, स्ट्रेचर आलं. दोन दिवस रुग्णालयात काढले. सिल्येने मला पुन्हा दहावर नेलं आणि इतकं झापलं की हॉल्वर खुर्चीत आकसून बसला. त्या वर्षीचा कप गेला. गावात काय झालं तर गुनवोरने जावेचा जीव वाचवला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मी घरी पडदे ओढून पडले होते आणि मला त्या चार ओळींचासुद्धा हेवा वाटत होता. तिचं खोटं मी कुणाला सांगितलं नाही. चांगुलपणा नव्हता तो. सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर ती टेकडीवर जाईनाशी झाली. खिडकीवरून जाईना, हात हलवीना. दोन गुरुवार कॉफीलाही आली नाही. दाग्नी म्हणाली, कौतुकाने लाजली असेल. मला ते पटेना. तिसऱ्या गुरुवारी मी माझं दिवसाचं एक मोठं काम ठरवलं: गुनवोरकडे जायचं आणि सेहेचाळीस वर्षांचं एकदाच बोलून टाकायचं. साडेदहा वाजता मी साठ पावलं गेले. मध्ये एकदा थांबले.

दाराला कडी नव्हती. स्वयंपाकघर थंड, चूल पेटवलेली नाही. "गुनवोर?" म्हटलं तर आतून आवाज आला, "येऊ नकोस, ओस्ने. मी येते बाहेर." ती आली नाही. मी दार ढकललं.

ती अंथरुणातच होती, पांढरे केस सुटलेले, नाइटगाऊनमध्ये. पलंगाच्या पायाला नावेची जाड दोरी बांधली होती, तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. गुनवोरने दोन्ही हातांनी दोरी धरली होती आणि ती तिसऱ्या गाठीपर्यंत आली होती. तळहात सालपटले होते. ती तशीच अर्धी उठलेली माझ्याकडे बघत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मार्चपासून. आता ते जास्तीचे दोन घेत नाही. तू पडलीस त्यानंतर भीती बसली. त्यामुळे वेळ लागतो. आज साडेसहापासून चाललंय."

"नगरपालिकेची नर्स येते की घरी. सांगायचं होतंस."

"तू सांगितलं असतंस?"

मी खुर्चीवर बसले, कारण पाय दुखत होते.

"मला टेकडी आवडत नाही," ती म्हणाली. "कधीच आवडली नाही. पण एकदा उठले की मी घरात थांबायचे नाही. थांबलं की आडवं व्हावंसं वाटतं, आडवं झालं की परत ही दोरी. म्हणून चालत सुटायचे. थकवा तुझ्याइतकाच आहे मला, ओस्ने. फक्त मला धरायला कुणी नाही, म्हणून मी थकत नाही." तिने दोरी सोडली नाही. "सात वाजता तुमच्या खोलीतला दिवा लागतो. मला इथून दिसतो. हॉल्वर तुला उठवत असणार हे मला कळतं. रोज सातला मी तो दिवा बघते आणि मला तुझा इतका राग येतो की त्या रागानेच मी पहिली गाठ धरते."

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. जिच्यावर मी आयुष्यभर जळले ती माझ्यावर जळत होती. तो आनंद मी खुर्चीत बसून पुरता चाखला, दोन श्वास असेल. मग तिच्या तळहातांकडे बघितलं आणि तो कडू झाला.

मी उठून तिच्या पाठीखाली हात घालायला गेले. माझे खांदे तेवढे उचलेनात. आम्ही दोघी ओढाताण करून पलंगावर आडव्या पडलो, एक हसली म्हणून दुसरी, आणि शेवटी मला हॉल्वरलाच फोन करावा लागला. तो आला, गंभीर तोंड करून दोघींना एकेक करून बसवलं आणि चूल पेटवायला गेला.

"उद्यापासून हा येईल," मी म्हणाले.

"नको. लोक काय म्हणतील?"

"मग मी सिल्येला बाराचं सांगते. आणि दाग्नीला पाचचं."

हॉल्वरला मी घरी आल्यावर सांगितलं की आधी तिच्याकडे जायचं, मग मला उठवायचं. मला आधी उठवलं तर तो कॉफी टाकतो, पेपर उघडतो, आणि तिकडे ती साडेसहापासून जागी. वाट बघायला लागली तर तिचा हात दोरीकडे जाणार. हॉल्वर म्हणाला, "म्हणजे तू मागे?" मी म्हणाले, "म्हणजे मी मागे."

आता ऑक्टोबर आहे, सात वाजता बाहेर काळोख असतो. मी नऊवर, ती साडेनऊवर. हे दोन्ही खरे आकडे. हॉल्वर कोट चढवून जातो. मी कुशीवर पडून असते, वळता येत नाही, आणि माझ्या खिडकीतून तिच्या खोलीतला दिवा लागलेला दिसतो. तो आता तिच्या पाठीखाली हात घालत असेल. त्रेपन्न वर्षं माझ्याशी संसार केलेला माझा नवरा आणि कमरेपर्यंतच्या केसांची ती. या वयात, या खांद्यांनिशी, मी जळून खाक होते. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला कधी पंधरा लागतात.

"काय म्हणाली?" तो आला की मी विचारते.

"आभार म्हणाली."

"एवढंच? पंधरा मिनिटं?"

तो हसतो आणि माझ्या पाठीखाली हात घालतो. उद्या याला पाठवायचं नाही, असं मी रोज रात्री ठरवते. आणि रोज सकाळी, त्याचा डोळा उघडायच्या आत, माझ्या अंगातलं जे एकच कोपर हलतं त्याने मी त्याला ढोसते आणि म्हणते, ऊठ, ती वाट बघत असेल.